सांडपाण्यातून विषाणूंचा माग: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मुंबईत २००१ सालापासून पोलिओच्या शोधासाठी सांडपाण्याचे नमुने तपासले जातात. यामागचे कारण साधे आहे. पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या सुमारे दोनशे जणांपैकी एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीच्यांना ताप येऊन जातो किंवा तेवढेही होत नाही, पण त्यांच्या विष्ठेतून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. रुग्णालयात येणाऱ्यांवरच लक्ष ठेवले, तर हे सारे नजरेआड राहतात. २०१३ मध्ये इस्रायलमधील राहत या गावाच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, तेव्हा तेथे लुळेपणाचा एकही रुग्ण नव्हता. २०२० मध्ये नेदरलँड्समधील अमर्सफूर्ट शहराच्या सांडपाण्यात करोना विषाणूचे अंश आढळले, तेही त्या शहरात पहिल्या रुग्णाची नोंद होण्याआधी. त्यानंतर आपल्याकडे हैदराबाद, पुणे, नागपूर, बंगळुरू अशा शहरांत याच पद्धतीने करोनाचा माग काढण्यात आला.

करोनाकाळात जिल्ह्याजिल्ह्यांत विषाणूचा जनुकीय अंश ओळखणारी आरटी-पीसीआर यंत्रे पोहोचली. त्यांपैकी बरीच आज अर्धवेळ रिकामी असतात, आणि त्यामुळे मध्यम आकाराच्या शहरातील महाविद्यालयांना, वैद्यकीय महाविद्यालयांना आणि पालिकांच्या आरोग्य विभागांना हे काम करावेसे वाटते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. नवखे लोक सर्वाधिक वेळ आणि पैसा प्रयोगशाळेतील किटवर घालवतात. माझा अनुभव असा, की या कामाचे यशापयश बहुतांशी नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच ठरलेले असते. म्हणून पुढील पायऱ्यांत जागा आणि नमुना यांवर अधिक विस्ताराने लिहिले आहे.

१. आधी निर्णय ठरवा, मग विषाणू निवडा

कोणता विषाणू तपासायचा, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न विचारा: आकडा वाढला तर कोण काय करणार आहे? आरोग्य अधिकारी त्या भागातील दवाखान्यांना सूचना देणार असतील, लसीकरणाची मोहीम पुढे आणणार असतील किंवा पाण्याच्या वाहिन्यांची गळती तपासणार असतील, तर तपासणीला अर्थ आहे. उत्तर ‘बघू’ असे असेल, तर तो संशोधनाचा प्रकल्प आहे, पाळत नव्हे. त्यात वाईट काही नाही, फक्त तसे स्पष्ट सांगावे.

पहिला विषाणू म्हणून सार्स-कोव्ह-२, म्हणजे कोविडचा करोना विषाणू, सोयीचा पडतो, कारण त्याच्या तपासणीची साधने आणि पद्धती सर्वाधिक पारखलेल्या आहेत. काविळीच्या साथी वारंवार येणाऱ्या गावांत हिपॅटायटिस ए आणि ई यांचा विचार जरूर करावा. हे दोन्ही विषाणू प्रामुख्याने विष्ठेतून पसरतात, त्यामुळे सांडपाण्यात ते सापडणे स्वाभाविक आहे. पोलिओच्या वाटेला मात्र स्वतःहून जाऊ नये. त्याची तपासणी जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळांतच होते, आणि सांडपाण्यातील विषाणू पेशींवर वाढवण्याचा प्रयोग साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करणे धोक्याचे व नियमबाह्य आहे. या लेखातील सर्व पद्धती विषाणूचा जनुकीय अंश शोधण्यापुरत्याच आहेत.

२. परवानग्या आणि कागदपत्रे

मैलापाणी शुद्धीकरण केंद्र पालिकेच्या मालकीचे असते, पण ते चालवण्याचे काम बहुधा ठेकेदाराकडे असते. आयुक्तांचे किंवा मुख्याधिकाऱ्यांचे पत्र हातात असूनही फाटकावर अडवले जाते, ते यामुळेच. पत्राची प्रत ठेकेदाराच्या व्यवस्थापकाला आणि शिफ्टच्या ऑपरेटरला आधी पोहोचलेली असावी. खालील कागद एका फाइलमध्ये तयार ठेवा.

- पालिका आयुक्त किंवा मुख्याधिकारी यांचे परवानगीपत्र, ज्यात जागा, वार, वेळ आणि येणाऱ्या व्यक्तींची नावे असतील
- आरोग्य विभागाचे संमतिपत्र, ज्यात निष्कर्ष कोणाला आणि किती दिवसांत कळवायचे हे लिहिलेले असेल
- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी
- संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी किंवा सूट दिल्याचे पत्र
- मलनिस्सारण विभागाकडील वाहिन्यांचा नकाशा
- केंद्राच्या गेल्या वर्षभरातील रोजच्या प्रवाहाच्या नोंदी
- जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या संस्थेशी झालेला करार

नैतिकता समितीबाबत अनेकांचा समज असतो, की नमुना हजारो लोकांचा एकत्रित असल्याने प्रश्नच उद्भवत नाही. शहराच्या मुख्य केंद्रासाठी ते बरेचसे खरे आहे. परंतु नमुना एका वसतिगृहाच्या किंवा एका वस्तीच्या चेंबरमधून घेतला, की निष्कर्ष थेट त्या लोकांना चिकटतो. अशा जागा निवडायच्या असतील, तर समितीपुढे जाणे टाळू नये.

३. जागा निवडणे

नकाशा घेऊन मलनिस्सारण विभागातील कनिष्ठ अभियंत्याबरोबर एक दिवस प्रत्यक्ष फिरा. कागदावरचा नकाशा आणि जमिनीखालची वस्तुस्थिती यांत फरक असतो, आणि तो फरक बहुधा त्या विभागातील जुन्या मुकादमालाच ठाऊक असतो. एखाद्या भागाची वाहिनी केंद्राला जोडलेलीच नाही, ती नाल्यात सोडलेली आहे, हे तुम्हाला त्याच्याकडूनच कळेल.

किती लोकसंख्येचे पाणी येते, याचा ताळा प्रवाहावरून घेता येतो. दरडोई दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होणे हा आपल्याकडील प्रचलित मापदंड आहे; म्हणजे माणशी साधारण १०८ लिटर. दोन लाख लोकांचे पाणी येते असे सांगितले जात असेल, तर प्रवाह २१ ते २२ एमएलडीच्या (दररोज दशलक्ष लिटर) आसपास हवा. तो १२ असेल, तर अर्धा परिसर जोडलेला नाही किंवा पाणीपुरवठाच कमी आहे. तो ४० असेल, तर भूजल, ओढा किंवा कारखान्याचे पाणी शिरते आहे.

केंद्रावर नमुना नेमका कोठून घ्यायचा, यात तीन सापळे आहेत. पहिला सापळा परतीच्या पाण्याचा. गाळ दाबून निघालेले पाणी बहुतेक केंद्रांत पुन्हा सुरुवातीला सोडले जाते. त्यात कित्येक दिवसांपूर्वीचे अंश असतात. नमुना हे पाणी मिसळण्याच्या आधीच्या बिंदूवर, शक्यतो जाळीनंतर आणि रेती बसवण्याच्या टाकीच्या आसपास घ्यावा. दुसरा सापळा टँकरचा. सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाड्या काही केंद्रांत इनलेटलाच रिकाम्या होतात, आणि त्यांतील मैला महिनोन्‌महिने साठलेला असतो. गाड्यांच्या वेळा विचारून घ्या आणि त्या टाळा. तिसरा सापळा पंपांचा. वीज गेल्याने पंपिंग स्टेशन बंद पडले असेल, तर पंप सुरू झाल्यावर येणारा पहिला लोंढा तुंबलेल्या पाण्याचा असतो. तो जाऊ द्यावा.

ज्या गावात भूमिगत गटारेच नाहीत, तेथे उघड्या नाल्यातून नमुना घ्यावा लागतो. ते अगदीच निरुपयोगी नाही. मात्र नाल्यात जनावरांचे शेण, गोठ्यांचे पाणी, ऊन आणि पाऊस यांचा परिणाम इतका असतो, की त्यातून ‘आहे किंवा नाही’ एवढेच सांगावे, चढउतार मोजण्याचा आग्रह धरू नये.

४. साहित्य आणि सुरक्षितता

नमुन्यासाठी लांब दांड्याचा स्टीलचा डबा किंवा दोरीला बांधलेली बादली, रुंद तोंडाच्या एक लिटरच्या निर्जंतुक प्लॅस्टिक बाटल्या, झिप पिशव्या, बर्फाच्या पॅकसह शीतपेटी, थर्मामीटर, पीएच मीटर, क्लोरीन तपासण्याच्या पट्ट्या आणि एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण एवढे पुरेसे आहे. अंगावर जाड रबरी हातमोजे, त्यांखाली नायट्राइलचे पातळ हातमोजे, चष्मा, मास्क, प्लॅस्टिकचा एप्रन आणि गमबूट हवेत. धनुर्वात, हिपॅटायटिस ए आणि विषमज्वर यांच्या लसी काम सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या असाव्यात.

एक गोष्ट निक्षून सांगतो. कोणत्याही कारणाने, बाटली आत पडली म्हणूनही, कोणीही मॅनहोलमध्ये उतरायचे नाही आणि केंद्रावरच्या कामगाराला उतरवायचे नाही. हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण घातक पातळीला जाऊ लागले की नाकाची संवेदना बधिर होते आणि वास येणेच थांबते. धोकादायक सफाईसाठी माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. नमुन्यासाठी उतरवण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

५. नमुना घेणे

सांडपाण्यातील विषाणूचे प्रमाण तासागणिक बदलते. सकाळी लोक शौचाला आणि आंघोळीला जातात, त्यानंतर काही वेळाने केंद्रावर सर्वाधिक प्रवाह येतो. वाहिनी किती लांब आहे त्यानुसार ही वेळ सात असू शकते किंवा दहा. ऑपरेटरच्या वहीतील तासागणिक आकडे पाहिले की ती लगेच सापडते.

सर्वांत चांगला नमुना चोवीस तासांचा मिश्र नमुना. त्यासाठी स्वयंचलित यंत्र मिळते. ते महाग असते, त्याला वीज आणि कुलूप लागते, आणि त्याची नळी चिंध्या आणि प्लॅस्टिक यांनी वारंवार तुंबते. यंत्र नसेल, तर सकाळच्या गर्दीच्या काळात दर अर्ध्या तासाने सारख्या मापाचे पाणी घेऊन पाच-सहा वेळचे एकत्र करावे. तेही जमत नसेल, तर गर्दीच्या वेळी एकच एक लिटरचा नमुना घ्यावा. पोलिओच्या पाळतीत असे एकाच वेळी घेतलेले नमुने वर्षानुवर्षे वापरले गेले आहेत. पद्धत कोणतीही निवडा, ती मध्येच बदलू नका. सोमवारी मिश्र आणि गुरुवारी एकाच वेळचा नमुना घेणाऱ्याला आलेखात दिसणारी लाट विषाणूची आहे की स्वतःच्या पद्धतीची, हे कधीच कळणार नाही.

वसतिगृह, आश्रमशाळा किंवा एखादी छोटी इमारत यांसाठी आणखी एक स्वस्त उपाय आहे. जाड गॉझची गुंडाळी दोरीला बांधून चेंबरमध्ये एक दिवस सोडून ठेवायची आणि नंतर ती पिळून पाणी तपासायचे. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये ब्रेंडन मूर यांनी पॅराटायफॉइडचे वाहक शोधण्यासाठी ही युक्ती वापरली, म्हणून ती मूर स्वॅब या नावाने ओळखली जाते. तिच्यातून किती लिटर पाणी गेले हे समजत नाही, त्यामुळे आकडा मिळत नाही. होकार किंवा नकार मात्र चांगला मिळतो.

आठवड्यातून दोनदा नमुना घेणे उत्तम, एकदा हे किमान. वार ठरलेला असावा. प्रत्येक नमुन्यासोबत तारीख, वेळ, प्रवाह, पाण्याचे तापमान, पीएच, गेल्या चोवीस तासांतील पाऊस आणि काही वेगळे दिसले असल्यास ते लिहावे. पावसाळ्यात आपल्याकडे पावसाचे पाणी सर्रास मलवाहिन्यांत शिरते आणि नमुना अनेक पटींनी पातळ होतो. गणपती-दिवाळीत अर्धे वसतिगृह गावी गेलेले असते, तर यात्रेच्या गावात याच्या नेमके उलट घडते. हे सारे वहीत नसेल, तर दोन महिन्यांनी आठवणार नाही. रुग्णालयाच्या सांडपाण्यात क्लोरीन असण्याची शक्यता असते. पट्टीवर ते दिसल्यास बाटलीत सोडियम थायोसल्फेट घालून ते निष्प्रभ करावे.

६. वाहतूक आणि साठवण

बाटली काठोकाठ भरू नये. झाकण घट्ट लावून बाहेरून हायपोक्लोराइटने पुसावी, झिप पिशवीत घालावी आणि शीतपेटीत उभी ठेवावी. मार्करने लिहिलेली अक्षरे बर्फाच्या पाण्याने पुसली जातात; कागदावर पेन्सिलीने लिहून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. नमुना ४ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावा आणि शक्यतो चोवीस तासांत, फार तर अठ्ठेचाळीस तासांत प्रक्रियेला घ्यावा. न सांद्रित केलेला, म्हणजे विषाणू एकवटण्याआधीचा, नमुना उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवून नंतर वितळवल्यास करोनासारख्या आवरणयुक्त विषाणूंचे मोजमाप बिघडते, म्हणून तो मोह टाळावा. दुसऱ्या शहरात पाठवायचा असेल, तर जैविक नमुन्यांसाठीच्या ‘यूएन ३३७३’ चिन्हाचे तिहेरी वेष्टन लागते. ते नसताना बसच्या पार्सलमध्ये बाटली ठेवून देणे अयोग्य आहे.

७. प्रयोगशाळेतील काम

सांडपाण्यात विषाणू इतका विरळ असतो, की तो आधी एकवटावा लागतो. कमी खर्चाची आणि बहुतेक ठिकाणी जमणारी पद्धत म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजेच पीईजी, वापरून सांद्रण करणे. क्रम साधारण असा आहे.

- ६० अंश सेल्सिअसला एक तास उष्णता देऊन नमुना सुरक्षित करावा. यात थोडा अंश वाया जातो, पण दर वेळी तसेच केले तर तुलनेला बाध येत नाही.
- ठरावीक प्रमाणात नियंत्रक विषाणू मिसळावा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.
- कमी गतीने सेंट्रिफ्यूज करून गाळ खाली बसवावा. करोनाचा बराच अंश घन कणांना चिकटतो, म्हणून ही गती वाढवू नये.
- वरच्या पाण्यात ८ ते १० टक्के पीईजी ८००० आणि मीठ विरघळवून रात्रभर ४ अंशांवर ठेवावे.
- सकाळी सुमारे १०,००० ते १२,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीतील) बलाने सेंट्रिफ्यूज करावे. तळाशी बसलेला थर अनेकदा डोळ्यांना दिसतही नाही. नळीच्या कोणत्या बाजूला तो असेल तेथे आधीच खूण करून ठेवावी, नाहीतर पाणी ओतताना तो निघून जातो.
- थरातून आरएनए, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य, काढावा. माती आणि विष्ठेसाठी बनवलेली किट येथे साध्या किटपेक्षा सरस ठरतात.

चुंबकीय मण्यांची आणि अतिसूक्ष्म गाळणीची पद्धत वेगवान आहे, पण तिचे सुटे साहित्य बाहेरून मागवावे लागते. पुरवठा दोन महिने थांबला की मालिका तुटते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पीईजीपासून सुरू करावे, असे माझे मत आहे.

पीसीआरसाठी द्रव तयार करण्याची, नमुना घालण्याची आणि यंत्राची जागा वेगवेगळी हवी. सांडपाण्यातील ह्युमिक आम्लासारखे पदार्थ अभिक्रिया रोखतात आणि खोटा नकार देतात. ते ओळखण्यासाठी प्रत्येक आरएनए मूळ स्वरूपात आणि दहापट पातळ करून, असा दोनदा चालवावा. दहापट पातळ केल्यावर सीटी मूल्य (अंश दिसू लागेपर्यंत लागणारी पीसीआरची चक्रे) सुमारे ३.३ ने वाढायला हवे. ते जवळजवळ वाढलेच नाही किंवा कमी झाले, तर मूळ आरएनएमध्ये अडथळा आहे असे समजावे.

८. नियंत्रणे, आणि मिरचीचा विषाणू

प्रत्येक खेपेत पाण्याचा कोरा नमुना, ज्ञात आरएनएचा नमुना आणि वर उल्लेखलेला नियंत्रक विषाणू असलाच पाहिजे. नियंत्रक म्हणून गाईंमधील करोना विषाणूची लस वापरता येते. शंभर भाग घातले आणि दहा सापडले, तर उतारा दहा टक्के. तो दर वेळी एकाच पातळीच्या आसपास असणे हे तो जास्त असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. मात्र गोठ्यांचे पाणी वाहिनीत येत असेल, तर गुरांचा विषाणू नियंत्रक म्हणून निवडू नये.

नमुना किती पातळ झाला आहे हे समजण्यासाठी मिरचीच्या रोपांवरचा पेपर माइल्ड मॉटल विषाणू मोजतात. मिरची आणि मिरचीचे पदार्थ खाणाऱ्यांच्या विष्ठेत तो विपुल असतो, हे २००६ मध्ये दाखवून देण्यात आले. ठेचा आणि तिखटाशिवाय ज्यांचे जेवण होत नाही, त्यांच्या गावात त्याची वाण पडण्याची चिंता नको. पावसामुळे नमुना निम्मा पातळ झाला तर हाही विषाणू निम्म्यावर येतो, त्यामुळे लक्ष्य विषाणूला याने भागल्यास पावसाचा परिणाम बराचसा वजा होतो. मसाला कांडपाचे कारखाने वाहिनीला जोडलेले असतील, तर मात्र हे गुणोत्तर जपून वापरावे.

९. आकडेमोड

समजा, ४० मिली नमुन्यातून ५० मायक्रोलिटर आरएनए मिळाला आणि त्यातील ५ मायक्रोलिटरमध्ये विषाणूच्या जनुकीय अंशाच्या २० प्रती आढळल्या. म्हणजे पूर्ण ५० मायक्रोलिटरमध्ये, अर्थात ४० मिली सांडपाण्यात, २०० प्रती. एका लिटरमध्ये ५,०००. प्रवाह २२ एमएलडी असेल, तर दिवसाला ११० अब्ज प्रती, आणि दोन लाख लोकसंख्येला दरलाखी ५५ अब्ज. याच हिशेबाने, नळीत एक प्रत सापडणे म्हणजे लिटरला २५० प्रती. उतारा दहा टक्केच असेल, तर प्रत्यक्षात लिटरला सुमारे २,५०० प्रतींखालचे तुम्हाला दिसणारच नाही. म्हणून अहवालात ‘विषाणू नाही’ असे न लिहिता ‘शोधमर्यादेखाली’ असे लिहावे आणि ती मर्यादा आकड्यात द्यावी.

यावरून रुग्णसंख्या काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि पत्रकार तर तेच विचारतात. ती काढू नये. करोनाची लागण झालेल्यांपैकी सर्वांच्या विष्ठेत विषाणू येत नाही. ज्यांच्या येतो त्यांच्यातही प्रमाण हजारो पटींनी कमीजास्त असते.

१०. अर्थ लावणे आणि कळवणे

पहिले दोन-तीन महिने केवळ पायाभूत पातळी समजण्यात जातात, हे आरोग्य विभागाला सुरुवातीलाच सांगून ठेवावे. एका उंच बिंदूवरून निष्कर्ष काढू नये. सलग तीन नमुन्यांत चढ दिसला आणि मिरचीच्या विषाणूने भागूनही तो टिकला, तर कळवावे. त्याआधी त्याच आरएनएची पुन्हा तपासणी करावी. विषाणूचे उपप्रकार हवे असतील, तर आरएनए जनुकक्रम वाचणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. फार विरळ नमुन्यात मात्र त्यातून उपयोगाचे काही हाती लागत नाही.

अहवाल एका पानाचा असावा: आलेख, प्रवाह, पाऊस, शोधमर्यादा आणि दोन वाक्यांत अर्थ. तो ठरलेल्या अधिकाऱ्याकडेच जावा. वस्तीच्या नावासह तक्ता व्हॉट्सअॅपवर फिरला, की त्या वस्तीतील घरकाम करणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी काम नाकारले जाते. म्हणून लहान परिसराचे निष्कर्ष प्रसिद्ध करताना शेजारचे परिसर एकत्र करून द्यावेत. ‘आमच्या पिण्याच्या पाण्यात विषाणू आला का?’ हा प्रश्न हमखास येतो. पीसीआरमध्ये सापडतो तो जनुकीय अंश, जिवंत विषाणू असेलच असे नाही, आणि तपासले ते गटाराचे पाणी, नळाचे नाही, हे उत्तर लेखी तयार ठेवावे.

प्रत्येक सांद्रित नमुन्याचे आणि आरएनएचे दोन भाग उणे ८० अंशांवर राखून ठेवावेत. नवा विषाणू पुढे कधी आला, तर तो शहरात नेमका केव्हापासून होता, हे या साठ्यातून तपासता येते. त्या फ्रीझरला जनरेटरची जोडणी आहे ना, आणि तो जनरेटर रविवारीही सुरू होतो ना, याची खातरजमा काम सुरू करण्यापूर्वी करून घ्यावी.